थंडाईचा पेला आणि दुधाळ पाण्यातला उंदीर

महाशिवरात्रीच्या रात्रीची गोष्ट. आमचा एक मित्र आहे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, तालमीत वाढलेला. त्याला थंडाई म्हणजे दगडी कुंडीत घोटलेले बदाम एवढंच ठाऊक. त्या रात्री मात्र कुणीतरी हातात दिलेल्या पेल्यात भांग होती. तास-दीड तासाने आम्ही घराकडे निघालो तेव्हा त्याने विचारलं, "भावा, मोबाईल घेतला न्हवं मी?" मोबाईल त्याच्या हातातच होता. दहा पावलांवर पुन्हा तोच प्रश्न. घर येईस्तोवर पाच वेळा.

पण ह्याच गड्याने अंधारात गल्लीतली निखळलेली फरशी खाली न बघता ओलांडली. वाड्याच्या दाराची कडी मोठी खट्याळ आहे, आधी किंचित वर उचलून मग आत ढकलावी लागते. वीस वर्षं जातोय तरी मला ती एका दमात उघडत नाही. त्याने एका झटक्यात उघडली, आत गेला, कडी लावली आणि आतून ओरडला, "कडी लावली काय रं मी?"

मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, नशेनं मेमरी जाते का हो?" मी उलट विचारतो, कुठली? मित्राची दहा पावलांपूर्वीची आठवण गेली होती, वीस वर्षांपूर्वीची फरशी शाबूत होती, आणि कडीच्या बाबतीत तर हाताने डोक्याला विचारलंही नव्हतं. डोकं एकच, पेला एकच. मेंदूवर काम करणाऱ्या पदार्थांचा प्राण्यांच्या स्मृतीवर काय परिणाम होतो, यावर शंभरेक वर्षं काम चाललं आहे. त्यातून सारखं हेच दिसतं की 'स्मृतीवर परिणाम' हा शब्दप्रयोगच ढोबळ आहे. कुठली आठवण, आणि ती कुठल्या टप्प्यावर होती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कुठली म्हणजे काय, ते बघायला गुऱ्हाळात जाऊ. काहिलीत रस उकळतोय, भेंडीचं पाणी टाकून मळी काढून झाली आहे, जळव्या चुलवाणात चिपाडं सारतोय. गुळव्या हात गार पाण्यात बुडवतो, काहिलीतला पाक चिमटीत उचलतो, परत पाण्यात धरतो आणि गोळी वळते का बघतो. "आलं, उतरवा." कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणतो, "हाताला कळतंय की." ही सवयीची, कौशल्याची आठवण, ती शब्दांत सांगता येत नाही. काल कुणाचा ऊस गाळला आणि पैसे कुणाकडे राहिले, ही घटनांची आठवण. आज या काहिलीत रसाची चौथी बादली पडली की पाचवी, हे काम संपेपर्यंतच डोक्यात धरायचं असतं, ती कामापुरती आठवण. आणि एखाद्या वर्षी पाक अंगावर उडून भाजलं असेल, तर बुडबुड्यांचा ठरावीक आवाज आला की तो नकळत मागे सरतो, ती भीतीची.

हे कप्पे खरोखर वेगळे आहेत हे कळलं एका माणसामुळे. हेन्री मोलेसन हे त्याचं नाव, पण जिवंत असेपर्यंत शास्त्राच्या पुस्तकांत तो फक्त 'एच.एम.' होता. फेफऱ्याच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी घटना लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याच्यासाठी नवे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. घटनांचा कप्पा रिकामा राहिला, पण हाताचा भरत गेला.

उंदराला "काल काय झालं ते सांग" असं विचारता येत नाही. म्हणून प्रयोग असा रचावा लागतो की आठवण असेल तर ती पायांतून दिसावी. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये काढलेली युक्ती सगळ्यात गाजली. एक गोल हौद, त्यात कोमट पाणी, आणि त्या पाण्यात गढूळपणा यावा म्हणून चक्क दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात घेणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून जरा कसंतरीच होतं. तर त्या दुधाळ पाण्याखाली, बोटाच्या जाडीएवढ्या खोलीवर, एक लहानसा कट्टा लपवलेला असतो. उंदीर पोहतो छान, पण त्याला पाण्यात राहायचं नसतं. पहिल्या दिवशी तो हौदभर भटकतो आणि योगायोगाने कट्ट्यावर पाय टेकतो. चार-सहा दिवसांत, कुठूनही सोडला तरी सरळ तिकडेच जातो. कट्टा तर दिसत नाही. मग भिंतीवरचं चित्र, दिवा, दार यांच्या हिशेबाने त्याने डोक्यात नकाशा काढलेला असतो. हिप्पोकॅम्पस नसलेल्या उंदराला हे जमत नाही. पण कट्टा पाण्याबाहेर काढून त्यावर ठळक खूण लावली की तोही तिथे नीट पोहोचतो, कारण त्या कामाला नकाशा लागत नाही. एकाच हौदात दोन वेगळ्या आठवणी अशा तपासता येतात.

दुसरी युक्ती डेव्हिड ओल्टन यांची, १९७६ ची. मध्ये चौक आणि त्यातून निघणाऱ्या आठ गल्ल्या, प्रत्येकीच्या टोकाला खाऊ. शहाणा उंदीर प्रत्येक गल्लीत एकदाच जातो. गेलेल्या गल्लीत परत शिरला तर चूक. आपल्याकडचा पेपर टाकणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा. 'या गल्लीत आज पेपर टाकून झाला' हे कामापुरतं, उद्या त्याचा उपयोग नाही. 'त्या गल्लीत आपलं गिऱ्हाईकच नाही' हे कायमचं. काही गल्ल्यांत कधीच खाऊ न ठेवता हे दुसरं ज्ञानही त्याच चौकात मोजता येतं. माझा मित्र त्या रात्री पहिल्या प्रकारात नापास आणि दुसऱ्यात पास होता.

आता 'कधी'चा प्रश्न. तो माझ्या मते जास्त गमतीचा आहे, आणि आरोग्यविषयक लेखांत तो हमखास गाळला जातो. आठवण म्हणजे फोटो नव्हे, कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि झालं, असं होत नाही. ती कैरीच्या लोणच्यासारखी आहे. आधी फोडी करून बरणीत भरायच्या, मग ती मुरायची, आणि मग लागेल तेव्हा बरणीतून काढायची. पदार्थ फोडी करताना पडला, मुरताना पडला की वाढताना पडला, यावर चव ठरते.

कार्ल लॅश्ली यांनी १९१७ सालीच उंदरांना स्ट्रिक्निनचा अगदी थोडा डोस देऊन चक्रव्यूह शिकवला होता. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांतलं जहर, ज्याला वैद्य कुचला म्हणतात. ते उंदीर जरा लवकर शिकले. पण त्यातून काय कळलं? औषधाने उंदीर कदाचित नुसता जास्त तरतरीत झाला असेल, जास्त धावला असेल. स्मृतीचा त्यात संबंध असेलच असं नाही. ही अडचण जेम्स मॅकगॉ यांनी साध्या क्लृप्तीने सोडवली. औषध आधी द्यायचंच नाही. उंदराला शिकू द्यायचं शुद्धीत, लगेच नंतर सुई टोचायची, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी, औषध अंगातून उतरल्यावर घ्यायची. शिकताना उंदीर शुद्धीत, परीक्षेतही शुद्धीत. फरक पडला तर तो मुरण्यावरच पडला. आणि फरक पडला. तीच सुई काही तास उशिरा टोचली की काहीच होत नाही, कारण तोवर लोणचं मुरलेलं असतं.

याच पद्धतीने मॅकगॉ, मार्क पॅकार्ड आणि लॅरी केहिल यांनी १९९४ मध्ये जो प्रयोग केला तो मी दरवर्षी फळ्यावर काढतो. औषध अँफेटामिन, म्हणजे मेंदूला चाबूक मारणारं उत्तेजक. उंदरांच्या काही गटांना दुधाळ हौदात लपलेला कट्टा शिकवला, काहींना खूण लावलेला. शिकवणी संपताच अँफेटामिनचा सूक्ष्म थेंब मेंदूत ठरावीक जागी सोडला. हिप्पोकॅम्पसमध्ये सोडला तेव्हा लपलेल्या कट्ट्याची आठवण पक्की झाली, खुणेच्या कट्ट्याची नाही. स्ट्रायटम नावाच्या भागात, जिथे सवयी बसतात, तिथे सोडला तेव्हा नेमकं उलट झालं. आणि अमिग्डाला, म्हणजे भावनांचा बदामाएवढा भाग, तिथे सोडला तेव्हा दोन्ही पक्क्या झाल्या. गंमत पुढे आहे. परीक्षेच्या आधी अमिग्डाला बधिर केला तरी तो फायदा टिकून राहिला. म्हणजे आठवण तिथे साठलेलीच नव्हती. तो भाग नुसता तालमीतल्या वस्तादासारखा काठावर उभा राहून "नीट मुरव रे" असं दुसऱ्यांना सांगत होता. औषध तेच आणि डोसही तेवढाच. नुसती जागा बदलली आणि उत्तर बदललं.

दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी आणखी साधा प्रयोग केला. नवा पाहुणा बसस्टँडवरून अंबाबाईच्या देवळाकडे निघाला की शिखर शोधत, पाट्या वाचत, विचारत जातो. पुढे महिनाभर रोज त्याच वाटेने गेला की पाय आपोआप ठरलेल्या कोपऱ्यावर वळतात. मग एखाद्या दिवशी उलट्या बाजूने, रंकाळ्याकडून येताना, विचारांत असला तर तो चुकीच्या कोपऱ्यावर वळतो. अधिक चिन्हाच्या आकाराच्या चक्रव्यूहात उंदरांचं हेच झालं. त्यांना एका टोकाकडून सोडून खाऊच्या जागी जायला शिकवलं. आठव्या दिवशी विरुद्ध टोकाकडून सोडलं तर बहुतेक उंदीर खाऊच्या जागेकडेच गेले, म्हणजे नकाशा वापरत होते. सोळाव्या दिवशी तीच परीक्षा घेतली तर बहुतेकांनी जुनंच वळण घेतलं आणि भलत्याच टोकाला पोहोचले. सवय बसली होती.

मग त्यांनी दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिडोकेन वापरलं. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केला की उंदीर गोंधळले, ना जागा आठवे ना वळण. आणि सोळाव्या दिवशी स्ट्रायटम बधिर केला, तर सवय बाजूला सरली आणि त्यामागून जुना नकाशा जसाच्या तसा वर आला. तो कधी पुसलाच नव्हता, सवयीच्या मागे गप उभा होता. सोळाव्या दिवशीच्या त्या उंदराबद्दल असं वाचताना मला माझं बालपणीचं घर आठवतं, ते का, हे सांगता येत नाही.

आता एकेक पदार्थ. भांगेपासून सुरू करू, कारण पेला तिथलाच होता.

भांग, गांजा, चरस यांतला नशेचा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूतल्या ज्या कुलपाला लागतो ते सीबी-१ नावाचं कुलूप हिप्पोकॅम्पसमध्ये खच्चून भरलेलं आहे. आपल्याच मेंदूत त्या कुलपाची घरची किल्ली असणार, हे उघड होतं. ती १९९२ मध्ये सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदमाइड. हो, आपला संस्कृत 'आनंद'च.

टीएचसी दिलेल्या उंदराला एक कळ दाखवली आणि क्षणभरात विचारलं तर तो बरोबर सांगतो. मध्ये काही सेकंद जाऊ दिले की चुकतो, आणि जितका वेळ जास्त तितक्या चुका जास्त. १९९०च्या दशकात अशा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे विजेचे संकेत टिपले गेले. कळ दाखवताना ज्या पेशींनी ठणकावून नोंद करायला हवी, त्या पुटपुटत होत्या. फोडीच नीट पडल्या नाहीत, तर बरणीतून काय निघणार? औषध उतरल्यावर तेच उंदीर पुन्हा हुशार झाले. दुधाळ हौदातही तसंच दिसतं. कट्टा रोज नव्या जागी ठेवला तर लहान डोसमध्येच उंदीर गडबडतात, पण आधीच पक्की झालेली जागा शोधायला त्यांना फारशी अडचण येत नाही. मोबाईल, फरशी आणि कडी यांचा हिशेब इथे जुळतो.

विसरणं म्हणजे बिघाड, असं आपण धरून चालतो. सीबी-१ ने त्यालाही धक्का दिला. २००२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ज्यांच्यात हे कुलूपच नाही असे उंदीर तयार केले. त्यांना आवाज आणि विजेचा झटका जोडीने दिला, मग झटका बंद करून नुसता आवाज ऐकवत राहिले. साधे उंदीर काही दिवसांत सावरले. कुलूप नसलेले आवाज आला की दगडासारखे गोठतच राहिले. भीती मागे टाकायलाही मेंदूची स्वतःची ती किल्ली लागते.

२०१७ मध्ये आणखी एक उलटा निकाल आला. अगदी थोडं टीएचसी महिनाभर दिलं तेव्हा तरुण उंदीर शिकण्यात मागे पडले, पण म्हातारे सुधारले. हे वाचून आमच्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचा एक ज्येष्ठ सदस्य फार खूश झाला होता. त्याला सांगावं लागलं की आबा, तो डोस नशा न येण्याइतका कमी होता आणि ते उंदीर होते.

धोतऱ्याची गोष्ट वेगळ्या दारातून आत शिरते. महादेवाला वाहायचं फूल म्हणून आपण तो ओळखतो. पोलिसांना तो प्रवाशांना गुंगी देऊन लुटणाऱ्यांमुळे माहीत आहे. लुटल्या गेलेल्या माणसाला बऱ्याचदा नंतर काही सांगताच येत नाही. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्या जोडीला स्कोपोलामिन असतं. मेंदूत 'हे नवं आहे, नोंद घे' असा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य आहे, त्याचा दरवाजा हे रसायन अडवतं. जुन्या आठवणी बऱ्याच अंशी जागेवर राहतात, नवी नोंद बंद. १९७४ मध्ये धडधाकट तरुणांना स्कोपोलामिन दिलं तेव्हा त्यांच्या चुका म्हाताऱ्या माणसांच्या चुकांसारख्या दिसल्या. त्यातून अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन कमी पडतं या विचाराला बळ मिळालं, आणि आज त्या आजारात देतात ते डोनेपेझिल हे उरलंसुरलं ॲसिटिलकोलिन जपून ठेवणारंच औषध आहे.

म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत स्मृतीची औषधं तपासायची ठरलेली रीत अशी: उंदराला स्कोपोलामिन देऊन विसराळू करायचं, मग ब्राह्मी किंवा आणखी कशाचा अर्क देऊन तो सावरतो का बघायचं. नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि पदवीच्या मुलांना आता हे बहुतेक संगणकावरच दाखवतात. रीत चांगली आहे, पण तिची मर्यादा जाहिरातीत येत नाही. स्कोपोलामिनच्या अमलाखालचा उंदीर हौदात मध्ये येतच नाही, भिंतीला घासत गोल गोल पोहतो. तो विसरला, की त्याला लक्षच देता आलं नाही, की नुसता बावचळला? हौद आणि पोहणं याची आधीपासून तालीम दिलेल्या उंदरांवर हाच परिणाम बराच कमी दिसतो. तेव्हा डब्यावर 'स्मरणशक्ती वाढवते, प्रयोगाने सिद्ध' असं छापलेलं दिसलं की मला आधी तो भिंतीला घासणारा उंदीर दिसतो. परीक्षेच्या मोसमात आईबाप त्या बाटल्या घेऊन जातात. पोराला कुणी धोतरा पाजलेला नसतो.

गुंगीचं औषध केटामिन जनावरांचे डॉक्टर रोज वापरतात. पेशींमधली नवी जोडणी पक्की करणारा एनएमडीए नावाचा दरवाजा ते बंद करतं. त्याच दरवाजाला अडसर घालणारं एपी-५ नावाचं रसायन मॉरिस यांनी १९८६ मध्ये उंदरांना दिलं, तर लपलेला कट्टा शिकता येईना. डोळ्यांना दिसणाऱ्या दोन वस्तूंतला फरक मात्र ते शिकले.

दारूचं अर्धं काम याच दरवाजावर आहे आणि अर्धं मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर. हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी गेलं की पेटणाऱ्या पेशी असतात, जॉन ओकीफ यांना त्यांच्या शोधासाठी २०१४चं नोबेल मिळालं. दारूच्या अमलाखाली त्या पेशी भलत्या जागीही पेटू लागतात, आपल्या जागी मंद होतात. 'रात्री घरी कसा आलो आठवत नाही' याचं एक कारण इथे आहे: आलेला असतो पायांच्या सवयीने, आणि नोंदवही बंद असते. पौगंडातल्या उंदरांना तर दारूने झोप कमी येते पण जागेची स्मृती मोठ्या उंदरांपेक्षा जास्त बिघडते. 'मला चढतच नाही' म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी एवढंच सांगतो. पटतं असं नाही.

दारूची दुसरी करामत म्हणजे आठवण न पुसता दाराआड ठेवणं. एकोणिसाव्या शतकातल्या एका पुस्तकात आयर्लंडच्या हमालाचा किस्सा आहे. नशेत त्याने एक गाठोडं भलत्याच ठिकाणी ठेवलं, शुद्धीत आल्यावर काही केल्या आठवेना, पुन्हा प्यायला तेव्हा आठवलं. हे कट्ट्यावरच्या गप्पांसारखं वाटतं. पण १९६४ मध्ये डोनाल्ड ओव्हरटन यांनी झोपेचं औषध देऊन उंदरांना टी आकाराच्या चक्रव्यूहात वळण शिकवलं. औषध उतरलं की शिकलेलं गायब, औषध दिलं की हजर. उलटही तेच: शुद्धीत शिकलेलं गुंगीत आठवेना. एवढंच काय, तोच उंदीर गुंगीत डावीकडे आणि शुद्धीत उजवीकडे वळायला शिकला. अंगातली अवस्था हीच त्याच्यासाठी चौकातली पाटी झाली.

चहा-कॉफीवाल्यांनी मधमाशी बघावी. लिंबूवर्गीय झाडांच्या आणि कॉफीच्या फुलांतल्या मधुरसात किंचित कॅफिन असतं. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की असा रस चाखलेल्या मधमाश्यांपैकी त्या फुलाचा वास चोवीस तासांनी आठवणाऱ्यांची संख्या नुसती साखर चाखलेल्यांच्या तिप्पट होती. झाडाला काय हवं? गिऱ्हाईक परत यावं. टपरीचं गणित फुलाला आधीपासून येत होतं.

तंबाखू आपल्या शेजारच्या निपाणीची. निकोटिनने उंदरांची आठ गल्ल्यांतली कामापुरती आठवण सुधारते, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गुपित नंतर उघड होतं. सवय लावून निकोटिन बंद केलं की उंदरांची जागेशी जोडलेली स्मृती नेहमीपेक्षा खाली जाते. मग माणसाला वाटतं, "मळल्याशिवाय डोकं चालत नाही," आणि ते त्या क्षणी खोटंही नसतं.

इथे विषय फिरतो. आतापर्यंत नशा आठवणींचं काय करते ते पाहिलं. पण नशेची स्वतःचीही आठवण होते, आणि तीही एक नसते. १९७७ चा एक प्रयोग आहे. उंदीर लांब पट्टीवरून धावत जाऊन खाऊ खाई, आणि खाल्ल्यावर त्याला मॉर्फिन टोचलं जाई. दिवसागणिक तो जास्त वेगाने धावू लागला आणि तिथे पोचल्यावर कमी कमी खाऊ लागला. जिभेने त्या चवीला वाईट ठरवलं होतं, पायांनी त्या जागेला चांगलं. एकाच सुईच्या दोन उलट्या आठवणी एकाच जनावरात, आणि दोन्ही खऱ्या.

फळमाशीचंही तेच. एक विशिष्ट वास आणि दारूची वाफ जोडीने दिली, तर थोड्या वेळाने माश्या त्या वासापासून दूर पळतात. दुसऱ्या दिवशी त्याच माश्या त्याच वासाकडे ओढल्या जातात, मध्ये विजेचे झटके ठेवले तरी. २०११ मध्ये हे छापून आलं. हँगओव्हर आधी विसरला जातो, मजा नंतरपर्यंत मुरते, माशीच्या मेंदूतही.

आणि कोकेनची सवय लागलेल्या उंदरांची ती बंद केली, तर दिव्याची जुनी खूण दिसल्यावर लागणारी ओढ दिवसांमागून दिवस कमी होईल असं वाटतं. २००१ मध्ये दिसलं की ती सुमारे दोन महिने वाढत जाते. सुटून चार दिवस झालेल्यापेक्षा चाळीस दिवस झालेला उंदीर जास्त हट्टाने कोकेनसाठी दाबायची ती जुनी कळ दाबतो.

मित्राला दुसऱ्या दिवशी गंगावेशीच्या कट्ट्यावर हे सगळं सांगितलं. मोबाईलचे पाच प्रश्न त्याला अजिबात आठवत नव्हते. कडीचं सांगितलं तर म्हणाला, "कडी? ती तर अशीच उघडत्या की," आणि हवेत हात किंचित वर उचलून पुढे ढकलला.

मी हसलो. दूध संपलं, ग्लास खाली ठेवला. तंबाखू सोडून मला तीन वर्षं झाली, चुन्याची डबी घरात कुठे आहे हेही माहीत नाही. ग्लास ठेवताक्षणी माझा डावा तळहात उघडला होता, आणि उजवा अंगठा त्याच्यावर येऊन थांबला होता.